तीन ठिपक्यांवर रेघ ओढण्याआधी

पालकहो,

“मॅडम, भूकंप सकाळीच का होतो?”

१० जुलै २०२४ चा तो बुधवार होता. सकाळी सव्वासातच्या सुमाराला आपल्याकडे जमीन हलली होती. कुणी लेकरू काखेला मारून अंगणात धावलं, कुणी नुसतंच दारात उभं राहून आढ्याकडे बघत राहिलं. थोड्या वेळाने सगळे पुन्हा आपापल्या चुलीकडे, गोठ्याकडे वळले. शाळा भरली तेव्हा वर्गात दुसरा विषयच नव्हता. चौथीतल्या एका मुलाने रफ वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. पानावर तीन ओळी होत्या. किल्लारी, पहाटे ३:५६. २१ मार्च, सकाळी ६:०८. आज, सकाळी ७:१४. त्याखाली जाड रेघ, आणि रेघेखाली एक वाक्य: भूकंप सकाळीच होतो.

किल्लारीच्या भूकंपाची वेळ त्याने आजोबांना विचारली होती. बाकीच्या दोन मोबाइलवरच्या बातम्यांतून उतरवल्या होत्या. तिन्ही नोंदी खऱ्या. विखुरलेल्या गोष्टी एका पानावर आणायच्या, त्यांत सारखं काय ते बघायचं आणि दिसलेलं लिहून ठेवायचं, हे सगळं त्या नऊ-दहा वर्षांच्या लेकराने कुणी न सांगता केलं होतं. चुकली ती फक्त रेघेखालची ओळ. आणि ती ओळ आपण मोठी माणसंही रोज लिहीत असतो, बहुतेक वेळा आपल्याच लेकरांबद्दल. म्हणून आज तुमच्याशी मनातलं बोलायला बसले आहे.

आधी आपल्या अंगणात जाऊ. माझी आई रांगोळीचे ठिपके कागदाने काढायची. जाड कागदाच्या घड्या पाडून रेघा उमटवायच्या आणि जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे पेटत्या उदबत्तीने एकेक भोक पाडायचं. कागद जळाल्याचा आणि उदबत्तीचा मिळून एक वेगळाच वास येतो, तो अजून माझ्या नाकात आहे. सारवलेल्या अंगणात तो कागद अंथरायचा, वरून रांगोळीची चिमूट फिरवायची आणि कागद अलगद उचलायचा. खाली सात ओळी सात ठिपके.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीआधी मी शाळेच्या व्हरांड्यात तसेच ठिपके काढले आणि मुलींना विचारलं, “काय दिसतं?” एक म्हणाली, उभ्या रांगा. दुसरीला चौकोन दिसले, तिसरीला तिरका पतंग. चौथी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, मधोमध फूल आहे. ठिपके तेच एकोणपन्नास, चित्रं चार, आणि खोटं एकही नव्हतं. मग मी खडूने दोन ठिपके जोडले, आणखी दोन जोडले. तेवढ्यात सगळ्या जणी एका सुरात ओरडल्या, “पतंग!” फूल पाहणाऱ्या मुलीला विचारलं, “तुझं फूल कुठं गेलं गं?” ती गोंधळली. म्हणाली, “आत्ता होतं, मॅडम. आता दिसत नाही.”

पालकहो, या मुलीचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला त्याची गरज पडणार आहे.

ठिपके दिसले की डोळा ते सुटे ठेवतच नाही, त्यांची कुटुंबं करतो. हे कसं घडतं याचा नीट अभ्यास माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने केला. १८८० साली प्रागमध्ये जन्मलेल्या या माणसाने १९२३ साली जर्मनमध्ये एक निबंध लिहिला. त्याची पानं साध्या ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेली आहेत. त्याने दाखवलं ते असं: जवळजवळ असलेले ठिपके आपल्याला एका गटातले वाटतात. एका रंगाचे, एका आकाराचे ठिपके एकत्र वाटतात. एका वळणाने पुढे जाणारे ठिपके एकाच रेघेचे वाटतात. आणि जे ठिपके सोबत हलतात ते एकाच वस्तूचे वाटतात.

हा शेवटचा नियम तुम्ही सगळे जाणता, फक्त त्याला नाव दिलेलं नाही. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला शेतात गेलात की नांदेड रोडकडे बघा. अंधारात दिवेच दिवे असतात. कुणाच्या आखाड्यावरचा बल्ब, ढाब्याची ट्यूब, बांधावरून कुणी हातात धरलेली बॅटरी. त्यातले दोन दिवे आपसातलं अंतर न सोडता एकत्र सरकू लागले की तुम्ही विचार न करता म्हणता, “वारंग्याकडून गाडी आली.” गाडी तुम्ही पाहिलेलीच नसते, फक्त दोन ठिपके सोबत चालताना पाहिलेले असतात.

ही ओढ आपण जन्मतःच घेऊन येतो. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मून काही मिनिटंच झालेल्या बाळांसमोर वेगवेगळ्या आकृत्या हलवल्या होत्या. डोळे, नाक, तोंड जागच्या जागी असलेली आकृती बाळांनी मान वळवून जास्त दूरवर पाहिली. तेच भाग इकडेतिकडे विस्कटले, तेव्हा तेवढं पाहिलं नाही. मायेच्या कुशीतलं लेकरू तुमच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतं, तेव्हा ते ठिपके जोडायचंच काम करत असतं. म्हणून लेकरू ढगात हत्ती बघतं, भिंतीच्या पोपड्यात म्हातारी बघतं, तेव्हा “काहीतरीच काय” म्हणू नका. वाचायला शिकणं म्हणजे रेघांचे गट ओळखणं. नकाशा वाचणं म्हणजे खुणांचे गट ओळखणं. हत्ती दिसणारा डोळाच पुढे अक्षर बघतो.

गणिताची सुरुवातही इथूनच होते. १८७१ साली विल्यम जेव्हन्स या इंग्रज अभ्यासकाने एक साधा प्रयोग छापला. मूठभर दाणे उधळायचे, काही एका खोक्यात पडतील, त्यांच्याकडे एकच नजर टाकायची आणि आकडा सांगायचा. असं त्याने हजाराहून जास्त वेळा केलं. चार दाण्यांपर्यंत तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या. आपल्या बाजारात लिंबं विकणारी बाई हे काही न वाचता जाणते. ती लिंबं पसरून ठेवत नाही, पाच-पाचाचे वाटे लावते. वाटे दिसले की गिऱ्हाईकही मोजत बसत नाही. तुमच्या लेकराला शंभरपर्यंतचे आकडे घोकायला लावण्याआधी चिंचोके द्या, वाटे लावू द्या. पाच-पाचाचे चार वाटे डोळ्यांनी पाहिलेलं मूल वीस म्हणजे किती हे विसरत नाही.

इथवर सगळं गोड आहे. आता त्या जाड रेघेकडे येते. डोळ्याला दिसलेला गट खरा असेलच असं नाही, आणि हे शिकवायला वर्गात फळा आणि घरात पुस्तक पुरत नाही. हाताने करून बघावं लागतं.

त्या मुलाला आणि त्याच्या चार मित्रांना मी बुद्धिबळाचा पट आणि तुरीचे चौसष्ट दाणे दिले. आधी प्रत्येकाला विचारलं, “न बघता हे दाणे पटावर पडू दिले तर कसे पडतील? कागदावर ठिपके काढून दाखवा.” पाचही जणांनी ठिपके छान पसरून काढले, जवळपास दर घरात एक. मग डोळे मिटून एकेक दाणा टाकला. पटाबाहेर गेला तो उचलून पुन्हा टाकला. शेवटी डोळे उघडले तर एका कोपऱ्यात दाण्यांची गर्दी, एका घरात चार दाणे, आणि कितीतरी घरं साफ रिकामी. मुलं म्हणाली, “मॅडम, हे मुद्दाम झालं.” मुद्दाम काहीच झालं नव्हतं. चौसष्ट घरांत चौसष्ट दाणे निव्वळ योगायोगाने पडले तर सरासरी तेवीस घरं रिकामी राहतात असं गणित सांगतं. योगायोग समान वाटणी करत नाही. त्याच्याही हातून झुपके पडतात, रांगा पडतात, मोकळ्या जागा राहतात. आपल्याला मात्र झुपका दिसला की त्यामागे कुणाचा तरी हात दिसतो.

मोठमोठ्या शहरांतली शहाणी माणसंही यात फसतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे उडते बॉम्ब लंडनवर पडत होते. लोकांना वाटत होतं की अमुक भागावर नेम धरला जातोय, तमुक भाग मुद्दाम सोडला जातोय. आर. डी. क्लार्क या विमा-गणितज्ञाने १९४६ साली ते गणित मांडलं. दक्षिण लंडनच्या नकाशाचे त्याने ५७६ सारखे चौकोन केले. त्यांत ५३७ बॉम्ब पडले होते. २२९ चौकोनांत एकही नव्हता, २११ चौकोनांत एकेक, ९३ चौकोनांत दोन-दोन, आणि एका चौकोनात तर पाचाहून कमी नाहीत. नुसत्या योगायोगाने पडले असते तर जे आकडे आले असते, त्यांच्याशी हे आकडे जवळजवळ जुळले. झुपके होते, नेम नव्हता.

मग दिसणारा प्रत्येक गट खोटाच का? तसंही नाही. उन्हाळ्यात बाहेर बाज टाकून झोपता तेव्हा लेकराला उत्तरेकडे सप्तर्षी दाखवा. आपली जुनी माणसं त्यालाच बाज म्हणतात. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, आणि मागे ओळीत तीन चोर. इंग्लंडच्या शेतकऱ्याला त्याच सात ठिपक्यांत नांगर दिसला, कुणाला अस्वल दिसलं. मग यातलं खरं कोणतं? १८६९ साली रिचर्ड प्रॉक्टर या खगोलशास्त्रज्ञाने वेगळीच गोष्ट तपासली. हे तारे आकाशात फार हळू सरकतात, तर त्यांची चाल एकमेकांशी जुळते का? सातांपैकी मधल्या पाचांची चाल जुळली. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे पाचही एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले आहेत. ते आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत आणि खरोखर एका कुळातले आहेत. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र त्यांच्याहून दूर आहेत आणि वेगळ्याच वाटेने जात आहेत. आपल्याला दिसायला तेवढे ते ओळीत येतात.

सात जणांचं कुटुंब दिसलं. त्यातले पाच खरे भाऊ निघाले, दोन वाटसरू. हे नुसतं टक लावून बघून कधीच कळलं नसतं. सोबत चालतात का, हे थांबून तपासावं लागलं. नांदेड रोडवरच्या दोन दिव्यांची गाडी ओळखतो तीच ही कसोटी आहे, फक्त इथे वाट बघायला लागणारा काळ खूप मोठा.

थांबून तपासण्याचं सगळ्यात मोठं काम तर आपल्याच जिल्ह्यात उभं राहणार आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा इथे ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेसरचा प्रकाश. अंतराळात फार दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्याच्या लहरींनी या भुजांच्या लांबीत फरक पडतो, तोही अणूच्या गाभ्याहून कितीतरी लहान. एवढ्या नाजूक यंत्राला ट्रकची धडधडही हलवते, वाराही हलवतो, लांबचा भूकंपही हलवतो. मग खरी लहर ओळखायची कशी? एकट्या यंत्रावर विश्वास ठेवायचाच नाही. अमेरिकेत अशी दोन यंत्रं एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोघांनी एकाच आकाराची लहर नोंदवली, मध्ये फक्त ७ सहस्रांश सेकंदांचं अंतर. इतकी जुळणी असूनही शास्त्रज्ञांनी जवळजवळ पाच महिने तपासण्यात घालवले आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला सांगितलं. एवढ्या लांबच्या दोन साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली, तरी त्यांनी पाच महिने रेघ ओढली नाही.

आता पुन्हा त्या रफ वहीकडे. “भूकंप सकाळीच होतो” हे खोटं आहे असं मी त्या मुलाला सांगितलं नाही. म्हटलं, “चल, आणखी ठिपके गोळा करू.” पहिला ठिपका आजोबांनीच दिला, आणि तो त्याच्याच बाजूचा निघाला: कोयना, ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारनंतर. मुलगा खूश. मग आम्ही दूरचे शोधले. शिलाँग, १२ जून १८९७, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. बिहार, १५ जानेवारी १९३४, भर दुपारी दोननंतर. आसाम, १५ ऑगस्ट १९५०, रात्री साडेसातनंतर. नेपाळ, २५ एप्रिल २०१५, दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं कमी. वही भरत गेली आणि रेघेखालचं वाक्य त्यानेच खोडलं. त्याला खोडायला मी सांगितलं नव्हतं.

मग प्रश्न आला, आपल्याकडचे तरी सकाळचेच का? यावर वर्गात तासभर बोललो. मुलांनीच शोधून काढलं की पहाटे आपण अंथरुणावर निश्चल असतो, गाव शांत असतं, म्हणून लहानसा हादराही कळतो. तेवढाच हादरा दुपारी एसटीत बसलेल्याला किंवा मळणीयंत्राशेजारी उभ्या असलेल्याला कळणारही नाही. कळलेले ठिपके वहीत येतात, न कळलेले येतच नाहीत. दुसरं मी सांगितलं. दिवसाच्या उन्हाची धग जमिनीत हातभर, फार तर दोन हात जाते. भूकंप होतो तो कित्येक किलोमीटर खोल खडकात. तिथे पहाटही नसते, दुपारही नसते.

पालकहो, इथवर मी मुलांची गोष्ट सांगितली. आता माझी सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय तुम्हाला काही सांगायचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी पाचवीत एक मुलगा होता. झाडाचं चित्र काढायला सांगितलं तर खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवायचा. फळ्यावर महत्त्वाचा शब्द मी लाल खडूने लिहायची, नेमका तोच शब्द याच्या वहीत नसायचा. पालकभेटीला त्याची आई म्हणाली, “घरीबी असंच हाय मॅडम. मिरच्या तोडाय नेलं तर लाल मिरची समोर असून सोडून देतंय. ध्यानच नसतंय त्याचं.” झाले तीन ठिपके. मी रेघ ओढली: निष्काळजी. प्रगतिपुस्तकावर तसा शेरा लिहिला. वर्गात दोन-तीनदा बोललेही. आणि एकदा मी रेघ ओढल्यावर बाकीच्यांनाही तेच दिसू लागलं. मुलं त्याला हसू लागली. वडिलांनी एकदा मारलं. तो गणितात चांगला होता, गोष्ट सांगायला बसला की सगळा वर्ग ऐकत राहायचा. हेही ठिपकेच होते, समोरच होते. पण पतंग दिसल्यावर फूल दिसेनासं होतं, तसं माझं झालं.

पुढे डोळे तपासायला त्याला नेलं तेव्हा मी सोबत होते. तिथे रंगीत ठिपक्यांच्या पाट्यांचं एक पुस्तक होतं. शिनोबु इशिहारा या जपानी डॉक्टरने १९१७ साली तयार केलेली ती तपासणी आहे. पाटीभर लहानमोठे ठिपके, त्यांतले एका रंगाचे ठिपके मिळून आकडा होतो. पहिल्या पाटीवर १२ होता, तो सगळ्यांनाच दिसतो. त्यालाही दिसला. दुसऱ्या पाटीवर मला स्पष्ट ८ दिसत होता. तो वाकला, नीट बघितलं आणि म्हणाला, “तीन.” मला वाटलं, याही वेळी लक्ष नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “याला तीनच दिसणार. लाल आणि हिरव्यातला फरक याच्या डोळ्याला कळत नाही.”

ठिपके तेच. माझ्या डोळ्याने त्यातून आठ जोडला, त्याच्या डोळ्याने तीन. तो वर्षभर खरं तेच सांगत होता. त्याला लाल मिरची पानांतून वेगळी दिसतच नव्हती, काळपट हिरव्या फळ्यावरचा लाल शब्द दिसतच नव्हता. रंगांची ही अडचण मुलींपेक्षा मुलांमध्ये बरीच जास्त आढळते. ती जन्मतः असते, त्यात मुलाचा दोष नाही, आईचा नाही, बापाचाही नाही. त्यानंतर मी फळ्यावर पांढरा आणि पिवळा खडू वापरते, आणि स्केचपेनांवर रंगाच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायला सांगते. प्रगतिपुस्तकातला तो शेरा मी खोडला. मुलाच्या मनावरचा किती खोडला गेला, ते मला माहीत नाही. त्याची बोच मला आजही आहे.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते. दोन चाचण्यांत गुण कमी पडले आणि एक तक्रार आली, की “आमचं पोरगं अभ्यासात ढ आहे” ही रेघ ओढू नका. दोनदा खोटं बोललं आणि एकदा पैसे हरवले, की “हाताला सवय लागली” म्हणू नका. मुलगी चार दिवस गप्प आहे आणि मोबाइल बघते आहे, की लगेच मनात चित्र पूर्ण करू नका. तुम्हाला दिसलं ते खोटं असेल असं मी म्हणत नाही. सप्तर्षीतले पाच खरोखर एका कुळातले निघालेच ना? पण आणखी ठिपके गोळा करा. प्रगतिपुस्तक हा एक साक्षीदार झाला, दुसरा शोधा. आजीला विचारा, मित्राला विचारा. ज्या दिवशी लेकरू चुकलं नाही त्या दिवशी काय वेगळं होतं ते आठवा. वहीत फक्त हादरेच लिहीत गेलं तर शांत दिवस कुठे दिसणार? आणि सगळ्यांत आधी लेकरालाच विचारा, “तुला काय दिसतं रे?” आठ ऐकायच्या तयारीने विचारू नका. तीन म्हणालं तरी क्षणभर थांबा.

घरात एक करता येईल. लेकरू एखादा नियम घेऊन आलं, “आई, मी निळा शर्ट घातला की पेपर सोपा जातो”, तर हसू नका आणि मानही डोलवू नका. वही द्या. दोन रकाने आखा, निळा शर्ट आणि दुसरा शर्ट. महिनाभर लिहू द्या. निर्णय त्याचा त्याला करू द्या. पुढे कुणी त्याला सांगेल की अमुक आकडा लागणारच, तमुक बाबांच्या अंगाऱ्याने ताप उतरतोच, तेव्हा हीच वही त्याच्या कामी येईल.

एक गोष्ट राहिली. वहीतलं वाक्य खोडल्यानंतर तो चौथीतला मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, म्हणजे रात्रीबी होऊ शकतो?”

तेव्हा मला त्याचं वाक्य खऱ्या अर्थाने कळलं. भूकंप सकाळीच होत असेल तर रात्री निवांत झोपता येतं. त्याने ठिपके जोडले होते ते भीतीपोटी. आणि मी ती रेघ काढून घेतली होती, बदल्यात काहीच न देता. मोठी माणसंही बहुतेक अशीच जोडत असतील. आपल्याला काहीच माहीत नाही, हे सोसण्यापेक्षा चुकीचा नियमही बरा वाटतो.

मी त्याला खोटा धीर दिला नाही. म्हटलं, “होऊ शकतो. पण तेव्हा काय करायचं ते आपल्याला माहीत असलं, तर भीती कमी होते.” दाराजवळ असलो तर मोकळ्यात जायचं, आत अडकलो तर भक्कम बाजेखाली किंवा टेबलाखाली डोकं झाकून बसायचं, कपाटापासून आणि भिंतीपासून लांब राहायचं. किल्लारीला एवढे जीव गेले ते दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदं अंगावर आल्यामुळे. मार्चच्या हादऱ्यानंतर प्रशासनानेही सांगितलं होतं की पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड काढून घ्या. ते ऐकून तो एकदम म्हणाला, “आमच्या घरावर हायेत.”

रविवारी त्यांच्या वस्तीवरून जात होते. वडिलांनी शिडी लावली होती आणि ते पत्र्यावरचा एकेक दगड खाली देत होते. बाजूला पत्रे आवळायला तार आणि हूक आणून ठेवले होते. मुलगा दगड उचलून अंगणाच्या कडेला नेऊन ठेवत होता. मी थांबून विचारलं, “किती निघाले रे?”

त्याने मोजले नाहीत. एकदा नुसतं बघितलं. पाच-पाचाचे तीन वाटे लावलेले होते आणि बाजूला दोन सुटे.

“सतरा,” तो म्हणाला, आणि अठरावा घ्यायला शिडीकडे पळाला.